उत्तर शून्य

वैजयंती कुठलीही वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. नवीन पनवेलच्या कॉलेजात आम्ही दोघी फिजिक्स शिकवायचो. कॅन्टीनमध्ये इडली आली की ही बाई आधी ती पालथी घालणार! मी चिडवलं की म्हणायची, "अगं, माझी आई उरणला मासळी विकते. एकच बाजू दाखवली तर आमी विश्वास ठेवत नाय." एरवी बोलणं अगदी पुस्तकी, पण ठासून सांगायचं असलं की घरची बोली यायची.

तिची पीएच.डी.सुद्धा असल्याच उलटापालटीवर, स्ट्रिंग थिअरीत, म्हणजे सगळं विश्व सूक्ष्म तारांचं बनलंय असं मानणाऱ्या सिद्धांतात. तारांची एकमेकींवरची पकड घट्ट असेल तिथे सैल धरा, सैल असेल तिथे घट्ट. सूत्र तेच राहिलं पाहिजे. ही ड्युअ‍ॅलिटी. आणि या अदलाबदलीतही जसंच्या तसं राहणारं फलन, म्हणजे गणितातलं फंक्शन, ते ऑटोमॉर्फिक फॉर्म. गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रात तारांमुळे ज्या दुरुस्त्या येतात, त्यांतली एक शून्यच असली पाहिजे, नाहीतर सूत्र उलटवल्यावर टिकणार नाही, असा तिचा दावा होता. सगळा प्रबंध त्यावर उभा.

आणि तोंडी परीक्षेच्या तोंडावर परीक्षकांची मेल आली. त्यांनी तीच दुरुस्ती सरळ, लांबलचक गणित करून काढली होती आणि उत्तर शून्य नव्हतं! गाइड घाबरले. म्हणाले, "तो भाग गाळ, डिग्री पदरात पाडून घे."

"गाळू काय? त्यांचं गणित चुकलंय!" वैजू म्हणाली.

परीक्षेला तिची आईही आली होती, माझ्या शेजारी. परीक्षकांनी आपला आकडा फळ्यावर लिहिला. वैजूने तो आकडा सूत्रात घालून शांतपणे पकड उलटी केली, सूत्र बिघडलं. "सर, हे टिकत नाही. हे दोन तुकडे एकमेकांना खाऊन टाकायला हवेत. एकाचं चिन्ह चुकलंय." परीक्षक आपले कागद चाळत बसले. माझा जीव टांगणीला! मग ते उठले, आकडा स्वतःच्या हाताने पुसला आणि म्हणाले, "शून्यच. अभिनंदन, डॉक्टर." प्राचार्य समोर असताना मी चक्क शिट्टी मारली.

आता वैजू बंगळुरूला संशोधन करते, आणि कॉलेजात मला तिच्याशिवाय करमत नाही. पण परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पाहिलेला उरणचा बाजार काही विसरता येत नाही. तिची आई येईल त्याला सांगत होती, "माझ्या पोरीचा शून्य आला!"

शेजारची कोळीण हळहळली. "जाऊ दे गो. पुढच्या येळी पास होईल."

"आगो, पास कवाच झाली! शून्य तिचा नाय, मोठ्या सायबाच्या आकड्याचा झाला!"