तपकिरी पावाचं वजन

बेकरीत सगळे त्याला भट्टीदादा म्हणत. सव्वीस वर्षं आगीपुढे उभं राहून भुवया झडल्या होत्या, पण हात असा तयार, की लाकडी फावड्यावर पाव आला की तो आतून कच्चा आहे का, ते न कापता सांगायचा. पीठ मळायच्या खोलीत मात्र तो कधी डोकावला नाही. ज्याचं काम त्यानं करावं, हा तिथला शिरस्ता.

बायकोला शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मैदा बंद. कोंड्यासकट दळलेलं धान्य खा. ते सावकाश पचतं, साखर एकदम चढत नाही, पोटही भरलेलं राहतं." दादा खूश! स्वतःची बेकरी असल्याच्या थाटात तो रोज तपकिरी पाव घरी नेऊ लागला. बिचारी मुकाट्यानं खायची. तीन महिन्यांनी तपासलं, तर साखर आणखी वाढलेली. दादा तिच्यावरच डाफरला, "चोरून गोड खातेस तू!" ती रडली, पण याला दया येईल तर शपथ.

मग एके दिवशी मळणारा आजारी पडला आणि मालकानं दादाला आत पाठवलं. तपकिरी पावाचं पीठ कुठंय, असं दादानं विचारताच मालकानं मैद्याच्या पोत्याकडे बोट केलं आणि एक बरणी पुढे सरकवली. बरणीत जाळलेल्या साखरेचा काळा पाक होता.

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मालक, आजारी माणसं खातात हो हे! औषध समजून खातात!"

"लोकांना रंग हवा असतो," मालक शांतपणे म्हणाला. "कोंड्याचा पाव जड होतो, फुगत नाही. कोण घेईल?"

जड! दादाला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तपकिरी पाव पांढऱ्याइतकाच हलका लागतो, हे हाताला रोज कळत होतं. डोक्यानं कधी विचारलंच नाही. त्यानं बरणी मोरीत उपडी केली, अंगातला एप्रन फेकला आणि तडक घर गाठलं.

घरी त्यानं तोंडाचा पट्टा सोडला. मालक हरामखोर, लबाड, माणसांच्या जिवावर उठलेला! बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, पुरे," ती म्हणाली. "त्यानं मला निदान चोर तरी म्हटलं नव्हतं."