वास नसलेला गॅस

तेरणाकाठच्या एका मोठ्या गावातलं ते मरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि ते विसरलोही. हे मात्र विसरता आलं नाही. नावं कुणाचीच घेत नाही. त्यांची माणसं अजून तिथेच राहतात.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळी उन्हाळा होता. गावात सहकारी दूध संस्थेचं शीतकरण केंद्र होतं. खेड्यापाड्यांतून आलेलं दूध तिथे थंड होऊन पुढे जायचं. जुनं मशिन अमोनियाचं. त्याला पाणी बेसुमार लागायचं आणि विहिरींनी तर तळ गाठलेला. म्हणून संस्थेने पाण्याशिवाय चालणारं, नव्या गॅसचं मशिन आणलं. कंपनीच्या माणसाने तो गॅस सर्वांसमोर तळहातावर सोडून हुंगून दाखवला. वास नाही, विष नाही, पेट घेत नाही. चेअरमन इतके खूश की गावात पाहुणा आला की आधी मशिन दाखवायचे, मग चहा पाजायचे.

एका दुपारी या मशिनचा ऑपरेटर मशिनखालच्या खड्ड्यात मेलेला सापडला. खड्डा पुरुषभर खोल, पाइप आणि व्हॉल्व्हसाठी बांधलेला. ऑपरेटर तिशीच्या आतला होता, घरी तान्हं मूल. मी पंचनामा केला. अंगावर जखम नाही, तोंडाला फेस नाही, खोलीत कसला वास नाही. अकस्मात मृत्यूची नोंद करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. चेअरमन म्हणाले, "साहेब, हार्टफेल असंल. मशिनचं नाव कागदावर कशाला?" माणूस मेला होता आणि यांना मशिनच्या अब्रूची काळजी. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

संध्याकाळी समोरचा हॉटेलवाला ठाण्यात आला. खबर देणारा माणूस सहसा खुर्चीच्या कडेवर बसतो आणि दाराकडे पाहत बोलतो. हाही तसाच बसला.

"साहेब, कालच उस्तादचं न्‌ त्याचं लई वाजलं व्हतं माझ्या हॉटेलात. उस्ताद म्हनला, ह्यो गॅस एक दिस तुझा जीव घील. समद्यांनी ऐकलंय."

उस्ताद म्हणजे केंद्राचा जुना मेकॅनिक, साठीला आलेला. अमोनियाच्या मशिनवर त्याची हयात गेली होती. नव्या मशिनने त्याचा मान गेला म्हणून त्याने पोराचा काटा काढला, असं रात्र व्हायच्या आत गावाने ठरवूनही टाकलं. सुतावरून स्वर्ग गाठायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

शवविच्छेदनात गुदमरून मृत्यू आला, असं निघालं. मी उस्तादांना बोलावलं. त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं, "म्याच मारलं साहेब त्याला. लिहून घ्या."

माझा जमादार लगेच कागद ओढू लागला. मी त्याला थांबवलं. जो एवढ्या घाईने गुन्हा अंगावर घेतो, त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं.

"कसं मारलंत?"

"पाइपाच्या जोडाचं पॅकिंग बदलायचं व्हतं. त्यासाठी मशिनमदला गॅस सोडून द्यावा लागतो. म्या व्हॉल्व्ह खोलला, गॅस सोडला. त्याला म्हनलं, तू खाली उतरून बोल्ट ढिले कर, म्या पॅकिंग आनतो. आलो तर..."

"दारं?"

"लावल्याली. माश्या येत्यात, धुरळा येतो."

"हा गॅस जीव घेईल असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हनलो व्हतो. अमोनियाचं बरं व्हतं साहेब. सोडायचा तर पाइप पान्याच्या पिपात धरून सोडायचो. जरा कुठं गळला तर डोळ्याला धारा लागायच्या, मानूस पळून वाचायचा. ह्यो गळला तर कळायचं कसं, हेच म्या त्याला सांगत व्हतो. त्यो हसायचा." मग हळू आवाजात म्हणाले, "पन त्या दिवशी नाकाला काय कळलंच न्हाय. म्हनून म्याबी इसरलो."

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष मशिनमध्ये गॅस भरून, दारं लावून उस्तादांना पुन्हा तसाच गॅस सोडायला लावला. विहीर खोल करताना गडी उतरायच्या आधी आमच्या भागात पेटता कंदील सोडून पाहतात. मी तसाच कंदील दोरीने खड्ड्यात सोडला. निम्म्यावर जाताच ज्योत बारीक झाली आणि विझली. गॅस हवेपेक्षा जड. आतली हवा हुसकून सगळा खड्ड्यात जाऊन बसला होता. पंचांपैकी एकाने मग एक गोष्ट सांगितली. मेलेल्या पोराने स्वतः दुष्काळी कामांवर कितीतरी विहिरींत असा कंदील सोडला होता. पण फरशी बसवलेल्या, धुतलेल्या खोलीतल्या त्या खड्ड्याला विहीर कोण समजणार?

त्याच्या बायकोला मी घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "उस्तादानं मारलं न्हाय, हे मला आदीच ठावं व्हतं. ते आमच्यातच जेवायचे." मग मुलाला मांडीवर घेत म्हणाली, "जरा वास तरी यायाला पायजे व्हता, साहेब." मला तिथे थांबवेना.

खुनाचं कलम लागलं नाही, निष्काळजीपणाचं लागलं. उस्तादांनी कोर्टात पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली आणि पुन्हा मशिनला हात लावला नाही. धाराशिवला सायकलींची पंक्चर काढायचं दुकान टाकलं.

पुढे निवृत्तीच्या सुमाराला वर्तमानपत्रांत त्याच गॅसविषयी वाद छापून येऊ लागले. हा हवेत सोडलेला गॅस नाहीसा होत नाही, वर जाऊन सूर्याची घातक किरणं अडवणारा ओझोनचा थर झिजवतो, असं शास्त्रज्ञ म्हणत होते. पुरावा कुठे आहे, असं कारखानदार विचारत होते. मी उस्तादांना त्यांच्या दुकानात जाऊन ते वाचून दाखवलं. वाटलं, म्हाताऱ्याला थोडा धीर येईल.

"पाहा, उस्ताद. जगभर सगळ्यांनी हा असाच सोडला. शिकलेल्यांनासुद्धा कळलं नव्हतं. दोष तुमच्या एकट्याचा नाही."

त्यांनी हातातली ट्यूब खाली ठेवली. "समद्यांनी सोडला आसंल, साहेब. पन उतर म्हनून म्याच सांगितलं त्याला."

पोलिसाला हेतू शोधायची सवय असते. हेतू नसला की फाइल बंद करता येते, आपलं काम संपतं. ज्याच्या हातून माणूस गेला त्याचं काही संपत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं.