बांबूच्या मोराचा सौदा

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. असं काही करून बसलोय मी!

भाव करण्यात अख्ख्या गडचिरोलीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असतो. नवं घर झालं, बैठकीची भिंत रिकामी. बायको म्हणाली, "बाजारामागच्या हॉलात बचत गटाच्या बायांनी बांबूच्या वस्तू मांडल्यात. काहीतरी छान आणा. अन् फसून येऊ नका!"

मी? आणि फसणार? बाजारामागे हॉल दोन आहेत, हे तिने सांगितलं नाही आणि मी कशाला विचारतोय!

शिरलो पहिल्याच हॉलात. टेबलांवर बांबूचा मोर, बांबूची बैलबंडी, मण्यांची तोरणं, बाजूला लाडू-चकल्यांची ताटं. म्हटलं, वा, खाण्याचाही स्टॉल आहे! नमुना म्हणून एक लाडू तोंडात टाकला. टेबलाजवळची बाई दचकलीच.

मी मोर उचलला. भाव करायचा तर आधी वस्तूत खोट काढावी लागते.

"बाई, याचं शेपूट वाकडं आहे."

तिचा चेहरा पडला. "पोरीनं सोताच्या हातानं बनवला जी!"

"बनवला असन. पण भितीवर वाकडंच दिसन ना!"

तिने घाईघाईने भावाला हाक मारली. एक घामाघूम गृहस्थ हात जोडून हजर. "भाऊ, काई चुकलं काय जी आमचं?"

काय ही नम्रता! दुकानदार असावा तर असा. मी आणखी ताणलं. "लाडवात तूप बी कमी आहे."

मग काढला हुकमी एक्का. तोंड पाडून "राहू द्या, जमत नाई आपलं" म्हणत दाराकडे निघालो. तिघांनी धावत येऊन मला धरलं!

"असे रुसून नोका जाऊ जी! पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. मोर न्या, बंडी न्या, पन नाराज होऊ नोका!"

फुकट? मी तर निम्म्यात मागणार होतो! मोर खपला नाही तर पोरीचा जन्म कसा वाया जातो, हा प्रश्न पडला होता मला. पण फुकट म्हटल्यावर कोण विचार करतो?

मला खुर्चीवर बसवलं. कपाळाला टिळा, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. मला वाटलं, बचत गटाची नवी योजना असेल.

तेवढ्यात दारात बँड वाजला. वरात!

अहो, ते प्रदर्शन नव्हतंच. नवरीचं रुखवत होतं ते! आणि मला समजत होते वरपक्षाचा खोट काढणारा पाहुणा.

तो घामाघूम गृहस्थ म्हणजे नवरीचा बाप, अन् टेबलाजवळची बाई तिची आत्या. तो व्याह्याला म्हणाला, "तुमच्या या पाव्हन्याची समजूत काढली जी आमी."

व्याह्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे? हे तं आमच्या मागच्या गल्लीतले मास्तर! पन याईले तं आमी पत्रिकाच देली नव्हती!"

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. मोर खाली ठेवला आणि खरं काय ते सांगून टाकलं. नवरीच्या बापाने हुश्श केलं. "म्हंजे वरपक्ष नाराज नाई ना?" आणि असा हसत सुटला! "मंग बसा जी पंगतीले!"

बसलो. मान खाली घालून जेवलो, पण पोटभर.

ती नवरी आता आमच्या मागच्याच गल्लीत नांदते. फोटोवाल्याने मला नवरदेवाचा बाप समजून टिपलं होतं. त्यामुळे अल्बमच्या पहिल्या पानावर, नवरा-नवरीच्याही आधी, मी! येणारा-जाणारा विचारतो, "हे कोन? मुलाचे मामा काय?"

ती म्हणते, "नाई जी. गिऱ्हाईक!"