पुरणाला नाही म्हणताना

डॉक्टरांनी माझ्या स्कॅनचा कागद पुढ्यात सरकवला. भावाला लिव्हरचा तुकडा द्यायला मी तयार होते, रक्तगटही जुळत होता, पण माझ्याच लिव्हरवर चरबी होती. अशी चरबी असली तर आम्ही सुरी लावत नाही, ते म्हणाले. सहा आठवडे तूप, तेल, साखर, मैदा बंद, रोज चालायचं आणि मग पुन्हा स्कॅन. दादाकडे फार वेळ नव्हता, हे मला कोणी सांगायला नको होतं. त्याचे डोळे पिवळेजर्द झाले होते.

दादाची एकच अट होती, नातेवाइकांत कोणाला कळू द्यायचं नाही. "मले कोणाची कीव नको," म्हणाला. त्यामुळे जगाच्या लेखी मी पंचेचाळिशीत अचानक डाएटचं खूळ लागलेली बाई झाले. पंडरीच्या कापडबाजारात मावशीबरोबर लुगडी घ्यायला गेले, तर दुकानाबाहेर गुपचुपवाल्यासमोर, म्हणजे पाणीपुरीच्या गाडीपाशी, मावशीने मला उभं केलं. मी नाही म्हटल्यावर तिने दुकानदारासकट सगळ्यांना ऐकवलं, "पोट्टी व्हायले निघाली आमची बाई! काहून वो, पुन्हा लग्न करून राहिली का?" मी हसले. मनात मात्र तिला चांगली झाडली.

ऑफिसच्या कामाने जगदलपूरला जावं लागलं, तेव्हा मी एक चूक केली. गाडी ढाब्यावर थांबली आणि सोबतची मंडळी मागे लागली, "दीदी, एक समोसे से क्या होता है?" कटकट नको म्हणून मी सांगितलं, उपवास आहे. मराठी बाईने असं कधी सांगू नये. मुक्कामी ज्यांच्याकडे जेवण होतं ते आमच्या अकोल्याकडचेच निघाले, आणि माझ्या उपवासाची वर्दी आधीच पोचली होती. समोर तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरून शिंगाड्याचा शिरा. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं नाही. घरच्या बाईचा चेहरा इतका उतरला की मला स्वतःचा राग आला, तरी खोलीवर येऊन मी डब्यातले उकडलेले मूग आणि काकडीच खाल्ली. मूग आंबायला लागले होते. तेही खाल्ले.

त्यानंतर मी थापा सोडल्या. "मले खायचं नाही," एवढंच सांगायचे. लोक रागावतात आणि मग विसरतात. लाजेखातर खाल्लेली जिलबी मात्र लिव्हर विसरत नाही.

स्कॅनला चार दिवस उरले असताना दादाकडे महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे नैवेद्याच्या दिवशी घरातला कर्ता माहेरवाशिणीला पुरणाचा पहिला घास भरवतो, मग पंगत सुरू होते. माहेरवाशिणीने घास परतवला तर ती घरावर रुसली असं धरतात. वहिनीला सगळं ठाऊक होतं. तिने माझ्यासाठी दोडकं उकडून ठेवलं होतं आणि म्हणाली होती, "कणभर जिभेवर लावा, बस्स झालं."

दादा भिंतीला धरून उठला. त्याने अख्ख्या पोळीची घडी केली, तुपाच्या वाटीत बुडवली आणि माझ्यासमोर वाकला. मनगटावरून तूप ओघळत होतं. इतकी वर्षं त्याने कधी मला आग्रह केला नव्हता. उलट लहानपणी माझ्या ताटातली पोळी पळवायचा. मी कणभर तोडायला हात पुढे केला, तर त्याने घास मागे घेतला.

"अख्खी खाय. आणि घरी न्यायले आठ बांधून ठेवल्या."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझी नजर चुकवत होता. पंगतीत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "स्कॅनमध्ये नापास होऊन जाय न बाई. माह्यापायी तुले कापतीन. तुले दोन लेकरं हायेत."

मला सणकून राग आला. सहा आठवडे मी आंबलेले मूग गिळत होते, आणि हा माणूस देवीसमोर मला नापास करायला निघाला होता. एका पोळीने चरबी चढत नाही, हे मलाही कळतं. पण मी मला ओळखते. एक खाल्ली असती तर त्या आठही संपवल्या असत्या, आणि वर म्हटलं असतं, दादाचं मन मोडवलं नाही.

मी त्याचं मनगट धरलं आणि ती पोळी त्याच्याच तोंडाकडे वळवली. हाताला नुसती हाडं लागली.

"तू खाय," मी मोठ्याने म्हटलं. "माहेरवाशीण सांगून राहिली."

मावशी ओरडली, "अवो, हे काय उलटंच!" कोणी तरी हसलं. दादाने घास घेतला आणि तो चावता चावता सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. पंगतीला वाटलं, आईची आठवण आली असेल.

मी नाही रडले. ताटात दोडकं वाढून घेतलं आणि शेवटच्या फोडीपर्यंत खाल्लं. सकाळी साडेपाचला उठून चालायला जायचं होतं.