पांढऱ्या पेशी आणि मावशींच्या दोन उशा

बत्तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभ्यानं इस्त्री करून मावशींच्या पायांवर निळ्या शिरांचं जाळं उठलं होतं. संध्याकाळी घोटे असे सुजायचे की चपलेचा पट्टा मांसात रुतून बसायचा. सूज उतरली नाही तर उभ्याचं काम सोडावं लागेल, असं इस्पितळाच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. पण मावशींसारखी चादरीची घडी दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे अख्खं इस्पितळ जाणून होतं. आणि मावशीही!

मग शिरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका अभ्यासात घेतलं. फळांच्या सालींतल्या द्रव्याच्या गोळ्या, दोन महिने.

"शिरेत रक्त तुंबलं की त्यातल्या पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात आणि तिथंच धुमाकूळ घालतात," बाईंनी समजावलं. "या गोळ्यांनी ते चिकटणं कमी होतं का, ते बघायचंय."

"म्हणजे राखणदारच रिकामे बसून घराची कौलं काढायला लागले म्हणा की!"

बाई खळखळून हसल्या.

शेवटच्या तपासणीला आठवडा उरला, तेव्हा धाकट्या जावेनं अक्कल लढवली. "जाऊबाई, सूज दिसली तर काम गेलंच समजा. रजा टाका नि पाय उशांवर ठेवून पडून राहा." पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसे मावशींनी पाय आवरले. देवापुढे दिवा लावण्यापुरतं काय ते पाऊल जमिनीला लागायचं.

तपासणीला जाऊही सोबत आली. घोट्याभोवती फीत फिरली. "अहो, सूज दोन बोटं उतरली की!" बाईंचा चेहरा फुलला. पायाच्या शिरेतलं रक्त घ्यायला त्यांनी सुई उचलली, तशी मावशींनी पाय मागे घेतला.

"थांबा बाई. हा गुण गोळ्यांचा नाही, दोन उशांचा आहे. आठवडाभर मी आडवीच होते."

जावेनं कपाळाला हात लावला.

"आणि हे आत्ता सांगताय?" बाईंनी विचारलं.

"चुकलंच माझं. पण उद्या हा आकडा बघून तुम्ही कुणाला तरी गोळी द्याल. तिला घडीभर आडवं व्हायची सोय नसली तर? देव मला विचारेल ना."

बाईंनी ते माप बाद केलं आणि अभ्यासातल्या बाकीच्यांनाही विचारलं. आणखी पाच जणांनी पायांना असाच आराम दिला होता! सगळ्यांना नवा कागद गेला: तपासणीआधी दोन आठवडे रोजचं काम रोजच्यासारखंच करा.

दोन आठवडे इस्त्री करून मावशी परत गेल्या. सूज जेमतेम अर्धं बोट उतरलेली.

"गोळीनं उतरली का, ते सगळ्यांचे आकडे जमल्यावरच कळेल," बाई म्हणाल्या. "पण हा आकडा खरा आहे. काम करा, फक्त घट्ट मोजे घाला आणि निम्मा वेळ बसून."

धुलाईखान्यात उंच स्टूल आलं. पहिल्याच दिवशी मावशींनी त्यावर बसून साठ चादरींच्या घड्या घातल्या आणि धाकट्या जावेला बोलावून म्हणाल्या, "बघ गं, एक तरी कड वाकडी दाखव."