दोन कारखान्यांची एक पाटी

मुलाने मला जुन्या गाड्यांचं म्युझियम दाखवायला नेलं. गुडघे दुखत होते. पण इथे अमेरिकेत, सांता क्लाराला, चार दिवस तो घरात गप्प होता, म्हणून गेले.

दोन गाड्या शेजारी उभ्या, मागे एकच पाटी. तो वाचून सांगत होता.

"आई, गाडी बनवणारे हे अगदी पहिले दोघं. पक्के वैरी. पुढे मोठी लढाई झाली, गाड्या कोणी घेईना, तेव्हा दोघांच्या कंपन्या एक झाल्या."

"आणि कामगार?"

"त्यांचं काय?"

"दोन कारखान्यांत दोन फिटर. एकाच जागेवर दोघं कसे बसले?"

"ते पाटीवर नाहीये."

"नसतंच."

मी चौथी शिकलेली, पण एवढं कळतं. नवरा पिंपरीला स्कूटरच्या कारखान्यात फिटर होता. दुसऱ्या कारखान्याची स्कूटर रस्त्यात बंद पडलेली दिसली की हा घरी येऊन हसायचा. मग दोन्ही कारखाने एक झाले. पेढे वाटले. मी त्याच्या कामाच्या शर्टावरचा जुना बिल्ला उसवून नवा शिवला. चार महिन्यांनी गेटवर कामावरून कमी केलेल्यांची यादी लागली, तीत याचं नाव. तो शर्ट मी फरशी पुसायला घेतला.

मुलाची कंपनीही गेल्या महिन्यात अशीच एका वैरी कंपनीत मिसळली. ऑफिसात केक कापला, नवे टी-शर्ट वाटले. केकचा तुकडा त्याने माझ्यासाठी आणला. मी खाल्ला नाही.

म्युझियमच्या बाकावर टेकल्यावर विचारलं, "यादी कधी आहे?"

"कसली यादी?"

"मला शिकवू नकोस."

"मंगळवारी. ईमेल येईल. तुला कोणी सांगितलं?"

"केकने."

इथे नोकरी गेली की व्हिसावाल्याला दोन महिने मिळतात. तेवढ्यात दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. हे मी सुनेच्या तोंडून ऐकलं होतं. तिने मला सांगितलं नव्हतं, फोनवर कुणाला तरी सांगत होती.

मंगळवारी सकाळी त्याने लॅपटॉप उघडला आणि लगेच मिटला. मी चहा पुढे ठेवला.

"दोन महिने आहेत, आई. शोधतो मी."

"शोध. आधी चहा पी."

अंगात तोच नवा टी-शर्ट होता, छातीवर दोन्ही कंपन्यांची नावं.

"तो काढ," म्हटलं. "फरशी पुसायला होईल."

त्याने खरंच काढून दिला. कापड पातळ आहे. पाणी धरत नाही.