साखरेची चिठ्ठी

दिघे सर माझ्या हातच्या चहात वरून दोन चमचे साखर घालायचे. डोळे फळ्यावर, हात डब्यात. बोलणं थांबायचं नाही.

इकडे माळव्यात, धारला आमच्या पुढल्या खोलीत ते कॉम्प्युटरचा क्लास घेत. मी चौथी शिकलेली, पण दाराशी भाजी निवडताना कानावर पडायचंच. एकदा माझे दोन डबे मागून नेले आणि 'साखर', 'मीठ' अशा चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात लिहून डकवल्या. वर्गाला म्हणाले, "देखो भिया, साखर आणि मीठ सख्ख्या बहिणी. आई एकच, नुसता 'डबा'. प्रोग्राममधला पॉइंटर म्हणजे ही चिठ्ठी. साखरेच्या डब्यावर थेट मिठाची चिठ्ठी लावायची नाही. आधी आईकडे जा, नुसतं 'डबा' म्हणा, मग आत बघा. मीठ असेल तरच मिठाची चिठ्ठी. नसेल तर हात रिकामा. चिठ्ठी बदलली म्हणून माल नहीं बदलता!"

शिकवायचे छान. ते मी नाकारत नाही.

त्यांची मुलगी मीनल आणि माझी नात सोनू त्याच वर्गात. इंदूरच्या एका कंपनीची माणसं येणार होती, एकीलाच नोकरी देणार होती. सोनूने तीन महिने खपून प्रोग्राम केला. सरांनी तो मीनलच्या नावाने पाठवला. सोनू विचारायला गेली तर म्हणाले, "अगं, दोघी बहिणीसारख्याच की. नाव हिचं काय, तिचं काय."

पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी साखरेचा डबा रिकामा केला, घासला, पुसला आणि त्यात बारीक मीठ भरलं.

कंपनीचे दोघे आले. मी चहा आणि डबा पुढे ठेवला. सरांनी बोलता बोलता दोन चमचे घातले. घोट घेतला तो सगळा समोरच्या कागदांवर उडाला.

"काकू! ये क्या है?"

"साखर. चिठ्ठी वाचा की, तुमच्याच हातची आहे."

पाहुणे हसले. मी म्हटलं, "हसू नका. त्या प्रोग्रामवरची चिठ्ठीपण ह्यांच्याच हातची आहे. आत काय आहे ते मुलीला विचारून बघा."

त्यांनी मीनलला दोन प्रश्न विचारले. तिने दाराशी उभ्या सोनूकडे पाहिलं. मग म्हणाली, "सोनूचा आहे." तिचं मला वाईट वाटलं. सरांचं नाही. सोनूने दारात उभ्या उभ्या सगळी उत्तरं दिली. नोकरी तिला लागली.

सरांनी त्याच आठवड्यात क्लास देवासला हलवला. जाताना म्हणाले, "काकू, माणसाला एक चूक माफ असते."

"असेल. माझ्याकडे नाही."

गेल्या वर्षी सर वारले. मीनलचा फोन आला म्हणून देवासला गेले. फोटोला हार घातला नाही. तिने चहा केला, डबा पुढे सरकवला. चिठ्ठी सरांच्याच अक्षरातली.

"साखरच आहे, आजी."

मी बोटावर घेऊन चाखली. मग घातली.